दरांचं पान

३ मार्च, सोमवार

ही वही ऑफिसने दिली आहे, पण तिची मागची बाजू मी आज पहिल्याच दिवशी स्वतःसाठी राखून ठेवली. पुढून साहेबांसाठी टिपणं, मागून माझ्या मनातलं.

हकिकत अशी. आमची कंपनी घरोघरी इंटरनेट पुरवते आणि मी तिच्या थांबा कक्षात आहे. कनेक्शन तोडायचंय म्हणून जो कुणी फोन करतो, तो फिरत फिरत आम्हां आठजणांपैकी एकाकडे येतो आणि आम्ही त्याला थांबवतो. पहिलं वर्ष मी विक्रीत काढलं, पुढची सात इथे. शंभरातले साठ थांबवायचो. ऑफिसात मला डिंक म्हणतात आणि हे नाव मी मिरवतो, खोटं कशाला लिहू.

तर जानेवारीत नवा नियम आला. प्रत्येक योजनेचं एक पान करायचं. पहिल्या वर्षाचा दर, सवलत संपल्यानंतरचा दर, राउटरचं भाडं, तोडायचा खर्च, वेग खरोखर किती मिळतो, सगळं एकाच पानावर आणि सगळं एकाच आकाराच्या अक्षरांत. ज्याच्या घरी जी योजना, तिचं पान बिलासोबत गेलंसुद्धा. कुणी म्हणालं तर फोनवर वाचूनही दाखवायचं. आमचं निम्मं कसब बारीक अक्षरांच्या आडोशाला बसलेलं होतं.

आम्ही सातजण घसरलो. साठावरचा मी चाळिसावर आलो. आठवी मात्र चढली. बाहत्तर. मी आकडा दोनदा विचारून घेतला. पन्नाशीच्या बाई आहेत, आधी एका शाळेच्या ग्रंथालयात होत्या. शाळा बंद पडली म्हणून डिसेंबरात इकडे आल्या. त्यांना आम्ही लायब्ररी म्हणतो. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, "डिंक, तीन आठवडे त्यांच्या शेजारी बस. जोडकान लावून त्यांचे फोन ऐक. त्या काय करतात ते लिहून काढ. त्यांची रीत सगळ्यांना शिकवायची आहे."

जोडकान म्हणजे दुसऱ्याच्या फोनला लावायचा जादा हेडफोन. त्यातून दोन्ही बाजू ऐकू येतात, आपला आवाज मात्र कुणालाच जात नाही. तो नव्या माणसाला शिकवायला देतात. मला तो आठ वर्षांनी लावावा लागला, पण लाज वाटली नाही. बाहत्तर थांबवणाऱ्या माणसाच्या शेजारी बसायला मिळणं हेच भाग्य.

४ मार्च, मंगळवार

दिवसभरात त्यांचे एकवीस फोन ऐकले. थक्क आहे.

सकाळी एकजण तावातावाने बोलत होता. बिल दुप्पट झालंय, तुम्ही चोर आहात, वगैरे. मी असतो तर आधी त्याला गार केलं असतं, मग तीन महिन्यांची सवलत पुढे केली असती. लायब्ररी म्हणाल्या, "तुमचं पान माझ्यासमोर आहे. वाचू का? तीन मिनिटं लागतील." आणि वाचलं. सगळं वाचलं, अगदी शेवटच्या ओळीपर्यंत. ज्या ओळी आम्ही घाईत गिळतो त्या त्यांनी सावकाश वाचल्या. मग गप्प बसल्या. मी घड्याळ लावलं होतं. अकरा सेकंद. तो माणूसच शेवटी म्हणाला, "मग आता मी काय करू?"

"ते तुम्ही ठरवायचं," लायब्ररी म्हणाल्या. "घरात इंटरनेट कशाला लागतं ते सांगितलंत, तर कुठल्या पानावर भागेल ते मी सांगते."

तो लहान योजनेवर गेला आणि आमच्याकडेच राहिला. वर आभार मानले. चोर म्हणणारा माणूस आभार मानून फोन ठेवतो, हे मी सात वर्षांत पाहिलं नव्हतं.

जेवणाच्या सुट्टीत मी विचारलं, "त्या अकरा सेकंदांत तुम्ही नक्की काय करता?"

"काही नाही. त्यांना विचार करायला वेळ नको का?"

मी हसलो. मुरलेला माणूस आपलं गुपित असं सहज थोडंच फोडतो. पुढच्या बाजूला टिपून ठेवलं: वाचण्याआधी पाणी पितात. आवाज मधला. वाचन संथ. मौन, सेकंद अकरा.

६ मार्च, गुरुवार

दुपारी तासभर स्वतः फोन घेतले, त्यांच्या पद्धतीने. पाणी प्यायलो, आवाज खाली आणला, मोजून अकरा सेकंद गप्प बसलो. पहिला "हॅलो, हॅलो" करून फोन ठेवून गेला. दुसऱ्याने विचारलं, "तुम्हाला बरं वाटत नाहीये का?" तिसऱ्या बाईंना पान वाचून दाखवलं, पण राउटरच्या भाड्याची ओळ सवयीने जिभेखालून निसटली. त्यांच्यासमोर तेच पान होतं. "ही ओळ का गाळलीत?" म्हणाल्या आणि कनेक्शन तोडलं.

तिघांतला एकही थांबला नाही. बायकोला सांगितलं तर म्हणाली, "नक्कल करायलासुद्धा अक्कल लागते." ती दवाखान्यात रोग्यांना नंबर देते, दिवसाच्या शेवटी तिच्याकडे शब्द शिल्लक राहतात ते असे.

९ मार्च, रविवार

नानांकडे जाऊन आलो. नाना म्हणजे माझे वडील. वजनमापे निरीक्षक म्हणून निवृत्त झाले. आई गेल्यापासून दोन खोल्यांत एकटे राहतात आणि माझ्याकडे राहायला यायचं नाव काढत नाहीत.

नानांचा दरारा मी लहानपणी पाहिला आहे. ते दुकानाच्या दारात दिसले की दुकानदाराची पाठ ताठ व्हायची. हातातल्या पेटीत पितळी वजनं, एकेक मऊ कापडात गुंडाळलेलं. एकदा त्यांनी सख्ख्या मेव्हण्याला, म्हणजे आमच्या मामाला, किलोमागे पाच ग्रॅम कमी भरले म्हणून दंड केला. मामा तीन वर्षं आमच्या घरी आला नाही आणि आई त्या तीन वर्षांत नानांशी जेवढ्यास तेवढं बोलायची. नानांनी दंड मागे घेतला नाही. असा बाप कुणाला असेल का, असं मला तेव्हाही वाटायचं आणि आजही वाटतं.

आज मात्र जरा विचित्र वाटले. आतल्या खोलीत सिग्नल पोचवणारा जोड-राउटर काढून, पुसून, कपाटावर ठेवलेला. मी म्हटलं, "हा का काढला?" तर म्हणाले, "उगाच जळत असतो." वर्तमानपत्रही बंद केलंय. "डोळे दमतात," म्हणाले. निघताना विचारलं, "तुझ्या ऑफिसात ठीक चाललंय ना? नोकरी पक्की आहे ना आता?" मी लायब्ररीची सगळी गोष्ट रंगवून सांगितली. नानांनी मन लावून ऐकली. पान शेवटपर्यंत वाचतात, हे तर पुन्हा सांगायला लावलं.

घरी पोचतो तो ताईचा फोन. ताई सातासमुद्रापलीकडे असते. रोज सकाळी ती तिकडे आणि नाना इकडे, पडद्यासमोर बसून अर्धा तास चहा पितात. आई गेल्यापासून एक दिवस चुकलेला नाही. ती म्हणाली, "नाना म्हणतात, रोज नको, आता फक्त रविवारी बोलू. काय बिनसलंय?"

मी म्हटलं, वय झालं की माणूस हट्टी होतो. तो अर्धा तास गेला तर नानांच्या दिवसाला दुसरं काय उरतं, असं फोन ठेवल्यावर माझ्या मनात आलं. लक्ष ठेवायला हवं.

१२ मार्च, बुधवार

लायब्ररींनी नोकरीच्या पहिल्या आठवड्यात एक गोष्ट केली होती म्हणे. आमच्या लाईनमनकडे जाऊन त्या तार बघून आल्या होत्या. "जे विकायचं ते एकदा डोळ्यांनी बघावं, म्हणून गेले," एवढंच म्हणाल्या. मीही आज गेलो. गुपित तिथे असलं तर असो.

रस्त्याच्या कडेच्या लोखंडी पेटीपाशी लाईनमन बसला होता. म्हणाला, "ऑफिसातून आजवर दोघंच आलेत. एक त्या बाई, एक तुम्ही." त्याने काळ्या केबलची साल सोलून आतली तार दाखवली. तार कसली, काच आहे ती, केसाएवढी. तिच्या एका टोकाला त्याने तपासायची लाल बत्ती लावली आणि दुसरं टोक माझ्या तळहातावर धरलं. तळहातावर लाल ठिपका उमटला.

"अशा एका काचेतून अख्ख्या गल्लीचं बोलणं जातं," तो म्हणाला.

मी बराच वेळ तो ठिपका बघत उभा राहिलो. ताईचा चेहरा, तिच्या मागची खिडकी, तिचं हसणं, हे सगळं अशाच एका काचेतून नानांच्या टेबलावर येतं. आठ वर्षं मी हे विकलं, सोडून जाणाऱ्यांना थांबवलं, आणि ते काय आहे ते मला आज कळलं. लाईनमनने शेवटी बत्ती मागून घेतली.

१३ मार्च, गुरुवार

आज लायब्ररींनी कमालच केली. एका शिवणकामवाल्या बाईंना त्या म्हणाल्या, "तुम्ही दिवसभर गिऱ्हाइकांना कपड्यांचे फोटो पाठवता ना? पाठवायचा वेग त्या दुसऱ्या कंपनीचा जास्त आहे आणि दर सारखाच आहे. तुम्हाला ती बरी पडेल. त्यांचं पानही मागवून बघा."

मी जोडकान काढून त्यांच्याकडे बघतच राहिलो. आपल्या हाताने गिऱ्हाईक दुसऱ्याच्या दारात नेऊन सोडलं. आणि तरी बाहत्तर! मी म्हटलं, "हे कसं जमतं?"

"काय कसं जमतं?"

"घालवूनसुद्धा थांबवणं."

त्या म्हणाल्या, "मुलं पुस्तक मागायला यायची. आमच्याकडे नसलं तर मी दुसऱ्या ग्रंथालयाचा पत्ता द्यायची. पुढच्या खेपेला ती आधी माझ्याकडेच यायची." आणि पुढचा फोन घेतला.

यात काहीतरी खोल मानसशास्त्र असणार. पुढच्या बाजूला लिहिलं: ग्राहकाला आधी दार दाखवणे, म्हणजे तो आपण होऊन बसतो. धाडसी चाल आहे. माझ्या छातीत एवढा दम नाही.

१६ मार्च, रविवार

सकाळी ताईचा फोन. आवाज भरलेला. नाना म्हणाले, आता रविवारीही नको, पंधरवड्याने एकदा पुरे. "मी काही चुकीचं बोलले का रे त्यांना? तू इतक्या जवळ आहेस, विचार तरी."

मी लगेच नानांना फोन लावला. वाटलं, चित्र अडखळत असेल, म्हणून कंटाळले असतील. म्हणून म्हटलं, "नाना, तुम्हाला आमची मोठी योजना लावून देतो. चित्र आरशासारखं दिसतं. पहिलं वर्ष तर सवलतच आहे."

नाना गप्प बसले. अकरा सेकंदांपेक्षा नक्कीच जास्त. मग म्हणाले, "बघतो."

मी ताईला कळवून टाकलं की मार्ग काढलाय.

२० मार्च, गुरुवार

आज लिहायलाच हवं.

दुपारी तीनच्या सुमाराला लायब्ररींकडे फोन आला. मी शेजारी, जोडकान लावून, पेन्सिल हातात.

"नमस्कार. मला कनेक्शन बंद करायचं आहे."

नानांचा आवाज.

जोडकान काढून ठेवायला हवा होता, हे कळत होतं. काढला नाही. लायब्ररींनी नंबर घेतला, पत्ता पडताळला. आडनाव पडद्यावर ठळक होतं, पण त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. रोजच्याच आवाजात म्हणाल्या, "बंद करण्याआधी तुमचं पान वाचून दाखवू का?"

"पान माझ्यासमोर आहे. मी वाचलंय. पण वाचा तुम्ही, मी ताडून बघतो."

त्या वाचू लागल्या. मूळ दर, सवलत संपल्यानंतर, सातशे नव्वद. राउटरचं भाडं दीडशे. जोड-राउटरचं भाडं एकशे वीस. संरक्षण कवच, नव्वद. करमणूक पॅक, एकशे दहा. एकूण बाराशे साठ. प्रत्येक ओळीनंतर नाना "बरोबर" म्हणत होते. दुकानदार वजनं पुढे ठेवायचा तेव्हा ते असंच म्हणायचे. त्या यादीतली एकही गोष्ट त्यांनी मागितली नव्हती. प्रत्येक ओळ मी लावलेली होती, माझ्या हाताने, आठ वर्षांपूर्वी, त्यांच्याच टेबलावर बसून.

"जानेवारीत आणखी वाढलं," नाना म्हणाले. "पेन्शनीत हे आता बसत नाही. बंद करा."

"इंटरनेट तुम्हाला कशाला लागतं?"

"मुलगी लांब असते. सकाळी आम्ही दोघं चहा पितो. अर्धा तास. बाकी काही नाही."

"एवढ्याला आमची सगळ्यात लहान योजना पुरते. तिचं पान तुमच्याकडे आलेलं नसणार, मी वाचते." आणि वाचलं. तीनशे दहा. वर्षानंतरही तीनशे दहाच. राउटर त्यातच. तोडायला खर्च नाही.

"ही योजना नवीन निघाली का?" नानांनी विचारलं.

"नाही. पहिल्यापासून आहे."

नाना नुसतं "हं" म्हणाले. ते "हं" मी जन्मभर विसरणार नाही.

"तुमच्या भागात दुसरीही एक कंपनी आहे," लायब्ररी म्हणाल्या. "तिचं पानही मागवा. दोन्ही शेजारी शेजारी ठेवून बघा, मग ठरवा. या महिन्याचं बिल तुम्ही भरलंय, त्यामुळे तोडायची घाई नाही."

"बाई, असं सगळं सांगितल्यावर तुमची नोकरी राहील का?"

"अजून तरी आहे."

नाना हसले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "एक विनंती आहे. माझा मुलगा तुमच्याच ऑफिसात आहे. हे कनेक्शन त्यानेच लावून दिलंय. मी फोन केल्याचं त्याच्या कानावर जाऊ देऊ नका. त्याला वाटेल, बापाने आपलं माप तपासलं."

तेव्हा लायब्ररींनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "मी सांगणार नाही," असं त्या नानांना म्हणाल्या.

फोन संपल्यावर मी जोडकान उतरवला. त्यांनी आपला पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला. मग पुढचा फोन घेतला.

२१ मार्च, शुक्रवार

रजा टाकली.

"मला आठवतच नव्हतं" असं लिहायला बसलो होतो. ते खोटं आहे. मला आठवत होतं. विक्रीतला माझा पहिला महिना होता, पाच संरक्षण कवचं, म्हणजे व्हायरसपासून बचावाची जादा सेवा, खपवली नाहीत तर घरी बसा असं बजावलेलं. चार खपली होती. करमणूक पॅकचंही तसंच, जोड-राउटरचंही तसंच. नानांनी कुठे सही करू विचारलं आणि मी बोट ठेवलं. पुढे बढती मिळाली, थांबा कक्षात आलो, आणि ही गोष्ट कुणी विचारली नाही म्हणून मीही काढली नाही. वर परवा त्यांना आणखी मोठी योजना सुचवली. जगाला शहाणपण शिकवणाऱ्याच्या घरात, दिव्याखाली हा अंधार.

आणि लायब्ररी. त्यांच्याकडे रीत नाही, चाल नाही, मानसशास्त्र नाही. त्या पान वाचतात, कारण समोरच्याला ते माहीत असायला हवं. गप्प बसतात, कारण त्याला विचार करायचा असतो. पाणी पितात, कारण तहान लागते. इतकी साधी गोष्ट मला तीन आठवडे दिसली नाही. लायब्ररींविषयी वाटलेलं आश्चर्य कमी होईल असं वाटलं होतं, पण ते वाढलंच आहे.

२३ मार्च, रविवार

नानांकडे गेलो. टेबलावर दोन पानं शेजारी शेजारी, वर भिंग. मला बघून नानांनी पानांवर रुमाल टाकला.

मी म्हटलं, "असू द्या. मी वाचून दाखवतो."

"तुझी चहाची वेळ झाली असेल."

"नाना, मी वाचतो."

आणि वाचली. आमच्या लहान योजनेचं पान, मग दुसऱ्या कंपनीचं. एकही ओळ गाळली नाही. त्यांचा दर दोनशे ऐंशी, आमच्यापेक्षा तीस कमी. वेग आमच्यापेक्षा थोडा कमी, पण दोन माणसांच्या चहाला भरपूर. शेवटची ओळ वाचून झाल्यावर मी गप्प बसलो. सेकंद मोजले नाहीत. पण नानांच्या आधी मलाच राहवलं नाही.

"त्या दिवशी जोडकान लावून मी शेजारीच बसलो होतो, नाना. सगळं ऐकलं. त्या बाईंनी शब्द मोडला नाही, मी कानांनीच ऐकलं. आणि आठ वर्षांपूर्वी ते सगळं मी मुद्दाम लावलं होतं. माझं एक कवच कमी पडत होतं."

"माहीत आहे," नाना म्हणाले.

"पान आल्यावर कळलं ना?"

"पहिल्या बिलात दिसलं होतं. मी काय बिल न वाचणारा माणूस आहे?"

ज्या माणसाने पाच ग्रॅमसाठी मामाला सोडलं नाही, त्याने आठ वर्षं दर महिन्याला हे बिल हातात घेतलं, वाचलं, आणि भरलं. मी म्हटलं, "मग बोलला का नाहीत?"

"तुझी नोकरी नवी होती. तेव्हा परवडतही होतं." नानांनी भिंग पुसायला घेतलं. "पुढे वाटलं, मामाला मी सांगितलं नसतं तर त्याला कळलं नसतं. तुझं तुला कळेल. थांबलो."

"आठ वर्षं?"

"तेवढी लागतील असं वाटलं नव्हतं, हे खरं."

मला रडू आलं. चाळिशी ओलांडलेला माणूस बापाच्या टेबलावर डोकं टेकून रडला, हे इथे लिहून ठेवतो. नानांनी पानं ओली होतील म्हणून बाजूला घेतली आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. ताईला रोज नको का म्हणालात, तेही मी विचारलं. म्हणाले, "एकदम तोडलं असतं तर तिला लागलं असतं. म्हणून थोडं थोडं कमी करत आणत होतो."

सात वर्षं लोकांना थांबवणारा मी, आणि हा माणूस स्वतःच्या दिवसातली एकुलती एक गोष्ट कुणाला धक्का लागू नये म्हणून चमच्या-चमच्याने कमी करत होता. एवढा मोठा माणूस माझ्या घरचाच होता आणि मी बाहेर बाहत्तरचा आकडा बघून थक्क होत होतो.

शेवटी नानांनी दुसऱ्या कंपनीच्या पानावर बोट ठेवलं. "ही घेतो."

"तीस रुपड्यांसाठी? आमचं चित्र जास्त चांगलं आहे, नाना." सवय मोडत नाही.

"तीसचा प्रश्न नाही. तुमचं बिल हातात घेतलं की मला बिल दिसत नाही, तू दिसतोस. मग मी भांडत नाही. गिऱ्हाइकाला भांडता आलं पाहिजे." मग म्हणाले, "तुला चालेल ना?"

मी म्हटलं, चालेल. तोडायचा अर्ज मीच भरला. सही कुठे करायची ते या वेळी त्यांना विचारावं लागलं नाही. सही करण्याआधी त्यांनी अख्खा अर्ज वाचला, मागची बाजूसुद्धा.

२४ मार्च, सोमवार

दुसऱ्या कंपनीचा माणूस बुधवारी येणार. तोवर आमची लाईन चालू ठेवली आहे. ताईने कळवलं, आज सकाळी नानांनी आपण होऊन फोन लावला, अर्ध्या तासाचे पाऊण तास झाले आणि चहा दोनदा झाला. ती विचारत होती, तू असं काय बोललास त्यांना? मी म्हटलं, मी फक्त वाचून दाखवलं.

वहीच्या पुढच्या बाजूची टिपणं फाडून टाकली. साहेबांना चार ओळी दिल्या. पान शेवटपर्यंत वाचा. मग समोरच्याला विचार करू द्या. त्याला लागतं काय ते विचारा, आणि त्याला पुरेल अशी सगळ्यात लहान योजना आधी सांगा. दुसऱ्या कंपनीचं पानही बघायला सांगा.

साहेबांनी कागद उलटा करून मागे काही आहे का बघितलं. म्हणाले, "डिंक, हे सगळं ठीक आहे. पण रीत कुठे आहे? त्या नक्की करतात काय?"

मला हसू आलं. तीन आठवड्यांपूर्वी मीही हेच विचारत होतो.

मग त्यांनी पडद्यावर माझी गेल्या आठवड्याची यादी काढली. म्हणाले, "हा एक गेलाय. अर्ज तूच भरलायस, थांबवायचा प्रयत्नसुद्धा केलेला दिसत नाही. कोण होता हा?"

"आठ वर्षांपूर्वी मी फसवलेला माणूस," मी म्हटलं.

साहेबांना वाटलं मी थट्टा करतोय. तरी सावध होऊन त्यांनी विचारलं, "तक्रार केली का त्याने?"

"नाही," मी म्हटलं. "कधीच नाही." आणि मी जागेवर येऊन बसलो.